झाड तोडून लाकूड वापरणं कार्बनसाठी चांगलं कसं काय?

रानवाट
जाणकारांनी जरा समजावून सांगा. इतकी वर्षं "झाडं वाचवा" ऐकत आलो आणि आता सगळीकडे वाचतोय की सिमेंट-स्टीलऐवजी लाकडात बांधलं तर कार्बन उत्सर्जन कमी होतं, नॉर्वेत म्हणे १८ मजली लाकडी बिल्डिंग उभी आहे. पण झाड तोडलं की त्यातला कार्बन हवेतच जाणार ना? की हे सगळं लाकूडवाल्यांचं मार्केटिंग आहे?

करवत
तोडल्यामुळे नाही जात हो, जाळल्यावर किंवा कुजल्यावर जातो. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, त्यामुळे पाइनसारखं लाकूड एक घनमीटर घेतलं तर हवेतला पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड त्यात अडकलेला असतो आणि तुळई छताखाली कोरडी राहिली, वाळवी लागली नाही, की तो तिथेच राहतो. जपानच्या होर्यूजी मंदिरातलं लाकूड तेराशे वर्षांनीही भार पेलतंय.

पण मला यापेक्षा मोठी वाटते ती सिमेंटची बाजू. चुनखडी भाजली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवा, तो सुटणारच. सिमेंटचं निम्म्याहून जास्त उत्सर्जन हेच आहे आणि जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के. तुम्ही म्हणताय ती म्योस्टोर्नेट, २०१९ ला पूर्ण झाली, ८५ मीटर. तिच्या वरच्या मजल्यांना मात्र काँक्रीटचे स्लॅब आहेत, कारण लाकूड हलकं, वाऱ्याने बिल्डिंग जास्त हलू नये म्हणून वर वजन लागतं. म्हणजे काँक्रीट शून्य होत नाही, बरंच कमी होतं.

पानगळ
करवत यांच्याशी सहमत, पण अर्धीच गोष्ट झाली ही. अख्ख्या झाडाची तुळई होत नाही! मुळं-फांद्या रानातच कुजतात, ओंडका मिलमध्ये गेला की साल, भुसा, कडेचे तुकडे निघतात आणि त्यातलं बरंचसं बॉयलरमध्ये नाहीतर कागदात जातं. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) हिशोबात वस्तूतला निम्मा कार्बन परत जायला कापीव लाकडाला ३५ वर्षं धरतात, प्लाय-बोर्डला २५ आणि कागदाला फक्त २. त्यामुळे "लाकूड वापरलं" एवढ्याने काही कळत नाही, त्याचं काय बनवलं ते विचारा.

आणि लाकडाचे पेलेट (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या छोट्या गोळ्या) करून ते जाळून वीज बनवणं तर मला अजिबात पटत नाही. तेवढ्याच विजेसाठी चिमणीतून कोळशापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो परत शोषायला नवीन झाडांना कित्येक दशकं लागतात, आणि वीज कंपनीच्या खात्यात मात्र उत्सर्जन शून्य दिसतं कारण ते जंगलाच्या हिशोबात धरलेलं असतं. जुनं दाट जंगल तोडून असं केलं तर नुकसानच आहे, तिथल्या मातीतही केवढा तरी कार्बन असतो.

रानवाट
अच्छा, म्हणजे खोडाची तुळई झाली तर फायदा, पेलेट झालं तर नाही. पण एक शंका, आग लागली तर लाकडी बिल्डिंगचं काय?

करवत
जाड तुळईला बाहेरून कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो, मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर एवढंच जळत आत जातं. म्हणून इंजिनियर तेवढी जाडी आधीच वाढवून ठेवतात. बारीक फळ्यांचं गणित वेगळं, त्या भरभर पेटतात.

पानगळ यांचा पेलेटचा मुद्दा एकदम मान्य. माझं म्हणणं एवढंच की जिथे तोडीएवढी किंवा जास्त वाढ होते अशा लागवडीतलं लाकूड घ्यायचं, एफएससीसारखा (जंगल नीट सांभाळून काढलेल्या लाकडाला मिळणारं प्रमाणपत्र) शिक्का बघायचा, आणि जोडणी बोल्ट-स्क्रूची ठेवायची म्हणजे बिल्डिंग पाडताना तुळया अख्ख्या निघतात आणि परत वापरता येतात.

पानगळ
बोल्टच्या जोडणीला +१. गोंदाने चिकटवलेलं सोडवताना फाटतं आणि मग ते जाळायलाच जातं.