गुलाबी शर्ट घातल्याने दादागिरी थांबते का?

मिसिसागाकर:
आम्ही कॅनडातील ऑन्टारियोत राहतो. मुलगा सहावीत आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या बुधवारी इथे अनेक शाळांत दादागिरीचा निषेध म्हणून गुलाबी कपडे घालण्याचा ‘पिंक शर्ट डे’ पाळला जातो आणि माझ्या कार्यालयातही त्या दिवशी सगळे गुलाबी कपड्यांत येतात. यंदा शाळेने वर्गाचा फोटो पाठवला. त्यात पहिल्या रांगेत गुलाबी टी-शर्ट घालून हसत उभा असलेला मुलगा तोच आहे, जो माझ्या मुलाने डबा उघडला की नाक दाबून बाक बदलतो आणि इतरांनाही उठायला लावतो. मुलाने फोटो पाहिला आणि पुढच्या वर्षी त्या दिवशी आपण शाळेत जाणार नाही, एवढेच सांगितले. वेगळेपण साजरे करण्याच्या अशा दिवसांचा खरोखर उपयोग होतो का? शाळेकडे नेमके काय मागावे? कार्यालयातील आयोजन समितीतही माझे नाव घातले आहे, त्यामुळे तिथल्याविषयीही सुचवावे.

सागरकाठ:
या दिवसाचा उगम पाहिला, तर तुमच्या मुलाला तो फोटो का खुपला हे लक्षात येईल. 2007 च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाच्याच नोव्हा स्कॉशिया प्रांतातील बर्विक या लहानशा गावी, नववीत नव्याने आलेल्या एका मुलाला गुलाबी शर्ट घातल्यावरून मोठ्या मुलांनी धमकावले. हे कानावर येताच बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या दोघांनी स्वस्त दुकानातून सुमारे 50 गुलाबी शर्ट विकत घेतले, मित्रांना निरोप धाडले आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारातच ते वाटले. कितीतरी मुले घरूनच गुलाबी कपडे घालून आली होती. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया या प्रांताच्या सरकारने हा दिवस जाहीर केला आणि मग तो न्यूझीलंडपर्यंत पोहोचला.

त्या सकाळी शिक्षकांचा आदेश नव्हता. शाळेत ज्यांचा शब्द चालतो अशा वरच्या वर्गातील मुलांनी, एका विशिष्ट मुलासाठी, त्रास देणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बाजू घेतली होती. आता तारीख आधीच ठरलेली असते, सूचनेचे पत्र घरी येते आणि शर्ट घालायला कोणतीही किंमत मोजावी लागत नाही. त्यामुळे त्रास देणाराही तो निःसंकोच घालतो.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘किवा’ हा शाळांतील दादागिरी रोखण्याचा कार्यक्रम नेमका बघ्यांवर भर देतो. त्रास देणाऱ्याला जोर मिळतो तो हसणाऱ्यांकडून आणि गप्प बसणाऱ्यांकडून, हे त्यामागचे निरीक्षण आहे. म्हणून वर्षभर वर्गात याविषयी तासिका होतात, आणि प्रत्यक्ष प्रकार उघडकीस आला की शाळेतील ठरावीक प्रौढांचा गट संबंधित मुलांशी बोलतो, वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा मुलांना त्रास झालेल्या मुलाच्या पाठीशी उभे राहण्यास सांगतो आणि काही दिवसांनी पुन्हा चौकशी करतो. तुमच्या प्रकरणात प्रश्न नाक दाबणाऱ्या एकट्या मुलाचा नाही. त्याच्या इशाऱ्यावर उठणाऱ्या चार-पाच जणांचा आहे. त्यांतला एक जरी बाकावर बसून राहिला, तर पुढचा खेळ रंगणार नाही. शाळेकडे हेच मागा.

सातारची बाई:
मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे गणवेश असतो, त्यामुळे कपड्यांवरून कमी, पण रंगावरून, उंचीवरून आणि आडनावावरून पुष्कळ चालते. ‘काळ्या’, ‘बुटक्या’, ‘चष्मिश’ ही नावे मुलांच्या तोंडी असतातच. खेदाची गोष्ट ही की काही शिक्षकही हजेरी घेताना तीच वापरतात आणि वर्ग हसतो. अशा वर्गात वेगळेपणाचा दिवस साजरा करून काय होणार? शासनाच्या आदेशाप्रमाणे शाळेत तक्रार पेटी आहे, परंतु ती कार्यालयाच्या दाराशीच लटकवलेली असेल, तर चिठ्ठी टाकणारे मूल मधल्या सुट्टीत सर्वांना दिसते आणि ‘चुगलखोर’ ठरते. ताई, तुम्ही शाळेला आधी हे विचारा, की तक्रार कोणाकडे, कशी करायची आणि ती केल्यावर मुलाला कोण सांभाळणार. आणि एक कृपा करा: डब्यात सँडविच देऊ नका. मुलाची स्वतःची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी.

टेबलापलीकडे:
मी टोरोंटोत मनुष्यबळ विभागात काम करतो. कार्यालयात शर्टापेक्षा कायदा कामाचा. ऑन्टारियोत 2010 पासून मालकाला कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध धोरण ठेवावे लागते आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर तक्रारीची योग्य चौकशी करून तिचा निष्कर्ष लेखी कळवणेही बंधनकारक झाले आहे. तक्रार स्वतःच्या वरिष्ठाविरुद्ध असेल तर ती दुसऱ्या कोणाकडे नेता येईल, याचीही सोय धोरणात असावी लागते. त्या बुधवारी फोटोऐवजी हे धोरण सर्वांसमोर वाचा. बैठकीत एखाद्याच्या उच्चाराची नक्कल होते तेव्हा बाकीच्यांनी काय म्हणायचे, याचीही तालीम करता येते. सुरुवातीला अवघडल्यासारखे होईल, पण केकपेक्षा बरे.

मिसिसागाकर:
सर्वांचे आभार. मुख्याध्यापकांची वेळ मागितली आहे. मुलाला विचारले, तेव्हा त्या बाकावरचा एक मुलगा उठताना दरवेळी मागे वळून पाहतो, असे त्याने सांगितले. त्याच्या आईशी माझी ओळख आहे. मुख्याध्यापकांच्या आधी तिच्याशी बोलते. डब्यात थालीपीठच हवे, असे मुलाचे म्हणणे आहे.