चोपण जमिनीतला करंज आणि मायकोरायझा

चोपणात (सोडियम जास्त झालेल्या जमिनीत) लावलेल्या करंजाच्या आळ्यात मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडी करून राहणाऱ्या बुरशीची, पावडर टाकूनही रोपं खुजीच का, असा प्रश्न आहे. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. आळ्यात वरवर पसरलेली पावडर मुळांपर्यंत पोचतच नाही. ती द्यायची रोपवाटिकेत: पिशवीत बियाखाली ४-५ सेंमीवर १०-१५ ग्रॅमचा थर. त्या मातीत सुपर फॉस्फेट खत नको, स्फुरद (फॉस्फरस) आयता मिळाला की झाड बुरशीला विचारत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही (मुळाशी द्रावण ओतणं) टाळा.

आणि बुरशी जमिनीतला सोडियम हटवत नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो. ती स्फुरद-जस्त आणून देते, झाडात सोडियमपेक्षा पालाश (पोटॅशियम) जास्त राहायला मदत करते. सामू (pH) ९ च्या वर असेल तर आधी सोडियम हटवायला जिप्सम. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या पद्धतीत ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) १५-२० सेंमी व्यासाचा, १२० सेंमीहून खोल खड्डा घेतात, म्हणजे खालचा चुनखडीचा थर फुटतो. भरताना मातीत साधारण ३ किलो जिप्सम, ८ किलो शेणखत. जमीन चोपण नसून नुसतीच क्षारयुक्त (विरघळणारे क्षार साठलेली) असेल तर मात्र जिप्समचे पैसे वाया, तिथे निचरा काढा.

बुरशी लागली का, ते बघता येतं. बारीक पांढरी मुळं कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) १०% द्रावणात ९०° सेल्सिअसला तासभर ठेवा (हातमोजे, चष्मा हवाच). धुऊन ५% काळी शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये ३ मिनिटं उकळा, मग व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात खळबळा. सूक्ष्मदर्शकाखाली गडद धागे आणि फुगे दिसतील. मूळ तपकिरीच राहिलं तर पोटॅशमध्ये कमी वेळ पडला.