टंगस्टन कार्बाइडची घनता बरोब्बर दुप्पट येतेय, कुठे चुकतंय?

एमएससी_दुसरं_वर्ष:
नमस्कार मंडळी. सॉलिड स्टेटच्या असाइनमेंटमध्ये टंगस्टन कार्बाइड आलंय, लॅटिस हेक्सागोनल, ए = २.९०६ आणि सी = २.८३७ अँगस्ट्रॉम दिलंय. हेक्सागोनल आहे म्हणून मी एचसीपी (हेक्सागोनल क्लोज-पॅक्ड, म्हणजे अणू दाटीने रचलेली रचना) धरलं, म्हणजे सेलमध्ये (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ठोकळ्यात) टंगस्टनचे दोन अणू, त्यांच्या जोडीला कार्बनचे दोन, आणि घनता आली ३१.३! पुस्तकात १५.६३ ग्रॅम प्रति घनसेंमी आहे. सेलचं घनफळ २०.७५ घन अँगस्ट्रॉम येतं, ते तीनदा तपासलं. नुसतं दोनाने भागून आकडा जुळवायचा नाहीये मला, कळून घ्यायचंय. आणि टायटॅनियम कार्बाइड तर मिठासारखं क्यूबिक असतं, मग हेच वेगळं का?

स्फटिकवेडी:
घनफळ बरोबर आहे तुझं, चूक "हेक्सागोनल म्हणजे एचसीपी" या गृहीतकात आहे. हेक्सागोनल हा सेलचा आकार झाला, आत अणू कुठे बसलेत ते त्यावरून ठरत नाही. एचसीपीमध्ये थर एबीएबी असे एकाआड एक सरकलेले असतात. इथे टंगस्टनचे थर सरकतच नाहीत, एकाच्या बरोब्बर डोक्यावर दुसरा, एएएए. म्हणून सेलमध्ये टंगस्टन एकच आणि कार्बनही एकच. आता कर गणित, १५.६७ येईल.

आणि एक गंमत बघ, मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आवडलं होतं. तू दुसरा टंगस्टन जिथे ठेवलास, म्हणजे एक तृतीयांश, दोन तृतीयांश, अर्धा, त्याच जागेवर खरं तर कार्बन बसतो! तिथून शेजारच्या टंगस्टनपर्यंत अंतर काढलंस तर २.२० अँगस्ट्रॉम येतं. शुद्ध टंगस्टन धातूत दोन अणू २.७४ वर असतात, तेव्हा २.२० वर दुसरा टंगस्टन मावणारच नाही, कार्बन मात्र मस्त मावतो. असं अंतर काढायची सवय लाव, घनतेपर्यंत जायच्या आधीच चूक पकडली जाते.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) करून मिळणार असेल तर तांब्याच्या के-अल्फा क्ष-किरणांना ३१.५ अंशाजवळचा पीक बघ, तो ००१ चा, म्हणजे एकावर एक असलेल्या या आडव्या थरांचा. तू धरलेल्या एचसीपी सेलमध्ये ००१ दिसलाच नसता.

एमएससी_दुसरं_वर्ष:
ताई, १५.६७ आलं!! दोन दिवस यात अडकलो होतो, खरंच आभार. पण मग टायटॅनियमचं क्यूबिक का?

स्फटिकवेडी:
टायटॅनियम कार्बाइडमध्ये टायटॅनियमचे थर एबीसी रचतात आणि कार्बन अष्टफलकी (सहा शेजाऱ्यांच्या, आठ बाजूंच्या) पोकळीत जातो, सेल ४.३३ अँगस्ट्रॉमचा. टंगस्टन कार्बाइडमध्ये वरचा-खालचा थर एकावर एक असल्याने पोकळी त्रिकोणी प्रिझमची होते, कार्बनला शेजारी सहाच, पण तीन वर आणि तीन खाली समोरासमोर. अशा पोकळ्यांतल्या फक्त अर्ध्याच भरतात.

नुसत्या आकाराने हे सुटत नाही. हेगचा नियम एवढंच सांगतो की कार्बन आणि धातू यांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर ०.५९ च्या खाली असेल तर रचना साधी राहते, आणि ते दोघांनाही लागू होतं. फरक इलेक्ट्रॉनचा आहे. टायटॅनियमचे चार अधिक कार्बनचे चार मिळून आठ, मिठाच्या रचनेतल्या बंध घालणाऱ्या पातळ्या तेवढ्यात भरतात. टंगस्टनचे सहा, म्हणून एकूण दहा, आणि वरचे दोन त्या रचनेत बंध कमकुवत करणाऱ्या पातळ्यांत गेले असते. प्रिझमच्या रचनेत दहांची सोय नीट लागते. खूप तापवलं की टंगस्टन कार्बाइडचंही क्यूबिक रूप मिळतं, पण त्यात कार्बन थोडा कमी असतो.

टूलरूमवाला:
मी शिकलेला डिप्लोमा आणि काम टूलरूममध्ये, एबीएबी वगैरे आज वाचून कळलं, पण एक सांगतो, कारखान्यातला इन्सर्ट (टूलला लावायचा कार्बाइडचा कापणारा तुकडा) पाण्यात तोलून घनता काढायला गेलास तर १५.६३ येणार नाही आणि परत डोकं धरून बसशील. तो नुसता कार्बाइड नसतो, कोबाल्ट घातलेला असतो, ६ टक्के कोबाल्टवाल्याला साधारण १४.९ ते १५ येते. नुसती पावडर २८०० अंशांच्या आसपास वितळते, तेवढी भट्टी कुणाकडे असणार, म्हणून कोबाल्ट मिसळून १४०० च्या आसपास सिंटर करतात, म्हणजे दाबलेली पावडर तापवून घट्ट करतात, कोबाल्ट वितळतो आणि दाणे धरून ठेवतो. जर्मनीत १९२० च्या दशकात ही युक्ती निघाली, क्रुपने "विडिया" नावाने बाजारात आणलं म्हणजे "हिऱ्यासारखं", आमच्याकडचे जुने मिस्त्री अजून विडियाच म्हणतात.

कार्बन मात्र जपावा लागतो, वजनाने ६.१३ टक्के पाहिजे. कमी पडला की कोबाल्ट-टंगस्टन-कार्बनचा ईटा फेज नावाचा ठिसूळ पदार्थ होतो आणि टूलची धार टचकन उडते, जास्त झाला की काळा मोकळा कार्बन दिसतो.

एमएससी_दुसरं_वर्ष:
दादा हे कुठेच वाचलं नव्हतं. एवढं कडक असून वीज वाहतं का हो ते? सिरॅमिक म्हणतात ना याला.

टूलरूमवाला:
वाहतं की, चांगलं वाहतं. म्हणून तर आम्ही कार्बाइडची डाय वायरकटवर कापतो, म्हणजे तारेतून पडणाऱ्या विजेच्या ठिणगीने. वीज वाहिली नसती तर वायरकटवर कापताच आली नसती.

स्फटिकवेडी:
टंगस्टनचे डी-इलेक्ट्रॉन मोकळे राहतात म्हणून. रोधकता साधारण २० मायक्रोओहम-सेंमी, तांब्याच्या दहा-बारा पट. असाइनमेंटमध्ये तुझी ३१.३ वाली पहिली आकडेमोडही ठेव, पुसू नकोस, आणि शेजारी ते २.२० अँगस्ट्रॉम अंतर लिही.