मदत हवी आहे: कोरलच्या तात्पुरत्या टबात बायो फिल्ट्रेशन कसं बसवू?

मंडळी, इकडे न्यू जर्सीत हॉलचं फ्लोरिंग बदलायचंय, रीफ टँक (कोरल, म्हणजे प्रवाळ, आणि मासे असलेला खाऱ्या पाण्याचा टँक) रिकामा करावाच लागणार, म्हणजे कोरलना महिनाभर तरी बेसमेंटमधल्या 150 लिटरच्या टबात मुक्काम. हीटर, वेव्हमेकर, लाईट आहेत, सॅलिनिटी (खारटपणा) 35 पीपीटी (हजारात 35 भाग) आणि टेम्परेचर 25-26 अंश सेल्सिअस ठेवीन. गाडी अडलीय ती बायो फिल्ट्रेशनवर, म्हणजे पाण्यातला विषारी अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियावर.

नव्या टँकचं सायकलिंग (हे बॅक्टेरिया पुरेसे वाढू देणं) म्हटलं की चार-सहा आठवडे जातात, तेवढं थांबणार कोण! म्हणून मेन टँकमधला लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले सच्छिद्र दगड) ओलाच उचलून टबात, आणि संपमध्ये (मेन टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) आत्तापासून एक स्पंज टाकून ठेवायचा, तोही नंतर टबात. जुनं पाणीही घेणार, पण ते कोरलना झटका बसू नये म्हणून, बॅक्टेरिया तर दगडालाच चिकटलेले असतात. वाळू अजिबात नको, ढवळली की आतली सगळी घाण वर.

आता सांगा, सगळा रॉक हलवू की अर्धा पुरेल? मासे मित्राकडे जातायत, मग टबात अमोनिया जेमतेम, तर बॅक्टेरिया उपाशी राहतील का? बाटलीतल्या बॅक्टेरियाचा खरंच उपयोग होतो की नुसता खर्च? पीएच 8.2 ला अमोनिया जास्त बाधतो म्हणून रोज टेस्ट करेनच, पण थोडा जरी दिसला तर लगेच पाणी बदलायचं ना? आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) लावू का? माझा हॅमर कोरल भारी नाजूक, जरा बिनसलं की सगळे टेंटॅकल आत ओढून बसतो. कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.