मोटर बदलण्याआधी बेल्ट पाहा

कॅसेट डेकवर गाणं लहरतंय, म्हणजे सूर वरखाली होतोय, म्हणून थेट मोटर बदला असा सल्ला दिला जातो; तो मला घाईचा वाटतो. जुन्या डेकमध्ये बहुतेक वेळा रबरच दगा देतं. मोटरची गती चाकांना देणारा बेल्ट सैल पडतो, नाहीतर विरघळून काकवीसारखा पुलीला चिकटतो. तो चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण निघाल्याशिवाय नवा बेल्ट चढवू नका (बोटं काळी होणारच). टेप दाबून पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर कडक, चकचकीत झाला असेल तर टेप घसरते, कधी आत गुंडाळलीही जाते. मग टेपचा वेग तपासा: सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. ३००० हर्ट्झचा एकच सूर भरलेली टेस्ट टेप मिळाली तर उत्तमच. टेप वाचणाऱ्या हेडचा कोन ठरवणारा अ‍ॅझिमथ स्क्रू मात्र उगाच फिरवू नका. तो हलला की वरचे सूर बोथट होतात. आणि अ‍ॅम्प्लिफायर उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरतो, हे ध्यानात ठेवा.