कोलंबोतलं स्मारक

बी ३०४: आज कोलंबोजवळ शांतिसेनेचं, म्हणजे १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या आपल्या सैन्याचं, स्मारक पाहून आलो. सहलीत नव्हतं, मुद्दाम रिक्षा करून गेलो. काळ्या दगडावर बाराशेच्या आसपास नावं. मेजर परमेश्वरन यांचं नाव शोधलं.

ए १०२: महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे. मूळचे मुंबईचेच. २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथे शहीद झाले. मरणोत्तर परमवीरचक्र.

सी ५०१: एवढी माणसं गमावली आणि शेवटी शेजाऱ्याने ‘जा’ म्हटल्यावर हात हलवत परत. नामुष्कीच ती.

ए १०२: माझा धाकटा भाऊ होता तिथे, म्हणून जरा लांब लिहितोय. जून १९८९ ला श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी जाहीर सांगितलं, जुलैअखेर सैन्य न्या. शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली २४ मार्च १९९० ला. मधले नऊ-दहा महिने जवानांनी काय मनाने गस्त घातली असेल? निघायचं हे ठरलेलं, आणि समोरच्या वाघांना, म्हणजे एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांना, कोलंबोतूनच हत्यारं मिळत होती. त्या दिवसांत भावाची ५६ एपीओची (लष्करी टपालाची) पत्रं दोन ओळींची यायची. खुशाल आहे, आईला सांभाळा. बस्स. परतल्यावर मद्रासला मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत. हे मला आजही लागतं.

ए १०२: आणि आपल्या भरवशावर तिथे प्रांतिक सरकार चालवणारे वरदराज पेरुमल? आपण निघत असतानाच त्यांनाही देश सोडून भारतात यावं लागलं. जूनमध्ये परत युद्ध पेटलं. सैन्य आणायलाच हवं होतं, माझं दुमत नाही. पण मागे राहणाऱ्यांची सोय आधी लावायला हवी होती.

डी २०३: काका, मालदीवमध्ये बहुतेक हाच धडा घेतला. तिथले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झूंनी सैनिक न्या म्हटल्यावर आपण १० मे २०२४ पर्यंत सगळे आणले, पण हेलिकॉप्टर आणि डॉर्निअर विमान तिथेच ठेवलं. चालवायला गणवेशाऐवजी नागरी तंत्रज्ञ. बेटांवरच्या आजारी माणसांची ने-आण थांबली नाही. ऑक्टोबरमध्ये तेच मुइझ्झू दिल्लीत आले.

सी ५०१: ते शंभराच्या आतले लोक होते, श्रीलंकेत हजारो. तुलना पूर्ण जुळत नाही. पण काका, ‘नामुष्की’ शब्द मागे घेतो.

बी ३०४: काका, भाऊंच्या तुकडीतलं कुणाचं नाव पाहू का? विमान दुपारचं आहे, सकाळी परत जाऊ शकतो.

ए १०२: हो रे. नाव तुला वेगळं पाठवतो. फोटो अगदी जवळून काढ, भावाला हल्ली नीट दिसत नाही.