शब्दचर्चा : लांछन, ध्यान, लक्षण

विचारणा : दादरला आमचा वाचकांचा एक गट आहे. घारापुरीच्या सहलीसाठी आम्ही मूर्तिकलेवर चार पानी पुस्तिका काढतोय. त्यात ‘महावीराचे लांछन सिंह’ असं वाक्य होतं. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी ‘लांछन’वर लाल फुली मारली आणि समासात लिहिलं, ‘देवाला कसलं लांछन? भावना दुखावतील.’ शब्द चूक आहे का? ‘वाहन’ केलं तर चालेल का?

प्रतिसाद : शब्द बरोबर आहे, काकांचा कानही बरोबर आहे. संस्कृतात लाञ्छ् म्हणजे खूण करणे, त्यावरून लांछन म्हणजे नुसती खूण. बदामीच्या चालुक्यांच्या ताम्रपटांत आपल्याला नारायणाच्या कृपेने वराहलांछन मिळालं असं मोठ्या ऐटीत सांगितलेलं असतं. तिथे लांछन म्हणजे राजचिन्ह. विष्णूच्या छातीवर श्रीवत्सलांछन. भृगूने लाथ मारली, तिची ही खूण देवाने छातीवर मिरवली, अशी आपल्याकडची कथा. घात केला तो चंद्राने असा माझा तर्क. चंद्र शशलांछन, म्हणजे ज्याच्यावर सशाची खूण आहे तो. पण पांढऱ्या बिंबावरची खूण म्हटली की ती डागच दिसणार. मराठीने तो डाग तेवढा ठेवला, आणि मग कुळाला लांछन लागायला लागलं.

‘वाहन’ मात्र करू नका. वाहनावर देव बसतो. लांछनावर तीर्थंकर बसत नाहीत, ते बैठकीवर कोरलेलं ओळखचिन्ह असतं. मलबार हिलवरच बघा. वाळकेश्वराला जाल तर नंदी हे शिवाचं वाहन. तिथून जवळच आदीश्वराचं जैन मंदिर आहे, त्या आदीश्वराचा म्हणजे ऋषभनाथांचा बैल हे लांछन. प्राणी एकच, नातं वेगळं.

प्रतिसाद : पण मग हिंदू मूर्तींना लांछन का नसतं? की असतं आणि आपण म्हणत नाही?

प्रतिसाद : गरज फारशी पडत नाही. चोवीस तीर्थंकर ध्यानस्थ, चेहरे सारखे, हात रिकामे. पार्श्वनाथांच्या डोक्यावर नागफणा असते, ऋषभनाथांच्या खांद्यावर केस रुळतात. बाकीचे ओळखायचे कसे? म्हणून शांतिनाथांना हरीण, नेमिनाथांना शंख. आपल्या देवांचे हात भरलेले असतात, तिथे ओळख आयुधांवर चालते. विष्णूचेही प्रकार चोवीसच. शंख, चक्र, गदा, पद्म या चार वस्तू चार हातांत जितक्या तऱ्हांनी फिरवता येतात तितके, म्हणजे बरोबर चोवीस. संध्येत केशवाय नमः पासून जी नावं घडाघडा म्हणतो ती हीच. मूर्तीसमोर उभं राहून कोणत्या हातात काय ते क्रमाने लावायचं आणि नाव काढायचं. क्रम चुकला की केशवाचा माधव होतो.

जाता जाता, आयुध म्हणजे शस्त्रच असं नाही. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाच्या वरच्या हातांत कमळ आणि परशू, खालच्या हातांत जपमाळ आणि मोदकांची वाटी. शस्त्र एकच, पण मूर्तिशास्त्राच्या भाषेत आयुधं चारही. मोदक आयुध असणं मला व्यक्तिशः फार पटतं.

प्रतिसाद : एक गंमत लक्षात आली का? गाभाऱ्यातले शब्द रस्त्यावर आले की शिव्या होतात. मूर्ती कशी दिसावी हे सांगणारा श्लोक तो ध्यानश्लोक, आणि विटेवरचं ते ‘सुंदर ते ध्यान’. पण आमची आजी विस्कटलेल्या केसांनी कोणी दारात आलं की ‘काय ध्यान आहे!’ म्हणायची. मूर्तीच्या शास्त्रात लक्षण म्हणजे घडवण्याचे नियम. घरात ‘लक्षण काही ठीक दिसत नाही’. अवताराचं तर बोलूच नका.

प्रतिसाद : यात अधोगती वगैरे काही नाही. हे सगळे शब्द ‘दिसतंय कसं’ याबद्दलचे आहेत, आणि माणसाच्या दिसण्याबद्दल आपण बोलतो तेव्हा सहसा तक्रारच असते. एरवी कोण बोलतंय?

प्रतिसाद : पुस्तिका घारापुरीसाठी आहे म्हणून सांगतो, तिथे खुणा बघायला शिकवा. मुख्य लेण्यातल्या त्या तीन मुखांना बोटीवरचे गाईडसुद्धा ‘ब्रह्मा, विष्णू, महेश’ म्हणून मोकळे होतात. आपल्या डावीकडचं मुख बघा: मिशा, कपाळाला आठी, हातात नाग, जटांत कवटी. हा अघोर, शिवाचंच उग्र रूप. उजवीकडचं मुख कोवळं, कुरळ्या बटा, हातात कमळ. तो वामदेव, कोणी त्याला उमा म्हणतात. मधला शांत, डोळे मिटलेले. त्याचा एक हात तुटलाय, दुसऱ्यात महाळुंगाचं फळ आहे. सहाव्या शतकातलं हे काम, उंची साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणून लोक मान वर करून चेहरेच बघत राहतात आणि हातांकडे कोणाचं लक्ष जात नाही. हात बघितले की ब्रह्मा आणि विष्णू दोघेही गळतात. एकटा सदाशिव उरतो.

विचारणा करणारे : मग फुली पुसू ना? काकांना ‘बोधचिन्ह’ हवंय.

प्रतिसाद : ‘बोधचिन्ह’ म्हटलं की क्रीडास्पर्धा आठवते. पहिल्यांदा येईल तिथे ‘लांछन, म्हणजे ओळखीची खूण’ असं सरळ वाक्यातच लिहा, पुढे नुसतं लांछन. आणि मुखपृष्ठाच्या फोटोखाली ‘त्रिमूर्ती’ छापायला गेलं असेल तर आजच छापखान्यात फोन करा.